पिवळे दिवे लावून विकलेलं घर

वहिनी, तुझ्याबद्दल दोन शब्द चांगले बोल, असं मला काल तिघांनी सांगितलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मलाही माहीत आहे, वर्गात मुलांना मीच शिकवते. पण तू गेलीस म्हणून आपलं भांडण संपलं असं मी मानत नाही. भांडण दोघींचं होतं. तू मधूनच उठून गेलीस आणि आता सगळ्यांची अपेक्षा आहे की उरलेलं मी गुपचूप गिळून टाकावं.

ठाण्याला बाळकुमच्या तुझ्या हॉलमध्ये रोज माणसं येतात. सतरंजीवर बसतात, पाणी पितात, दादाच्या पाठीवर हात ठेवतात, आणि मग त्यातली एखादी बाई तरी म्हणतेच, "सुचेताचा हात लागला की घराचं सोनं व्हायचं." परवा तुमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "त्यांनी सासऱ्यांचं डोंबिवलीचं घर कसं विकलं, ऐकलंय ना तुम्ही? काय हसवलं होतं आम्हाला सांगताना." मी उठून स्वयंपाकघरात गेले. मी ते ऐकलेलं नाही, वहिनी. मी तिथे होते.

तू सांगायचीस तेव्हा गोष्ट तुझ्यापासून सुरू व्हायची. मी आईपासून सुरू करते. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरचं आई-बाबांचं घर. बिल्डिंगला लिफ्ट नाही. दादा आणि मी तिथेच वाढलो, आणि आई तिथेच गेली, पुढच्या खोलीतल्या दिवाणावर. त्यानंतर बाबा एकटे राहिले. मग जिन्यात पाय घसरून गुडघा गेला आणि त्यांचं खाली उतरणंच थांबलं. बाल्कनीतून दोरीला पिशवी बांधून भाजी वर ओढून घ्यायचे. मी शहाडहून शाळा सुटल्यावर यायचे, डबा ठेवायचे, परत जायचे.

बाळकुमला चला म्हणून दादा मागे लागला तेव्हा बाबा म्हणालेले, "तुमच्याकडे पाहुणा म्हणून यायचं नाही मला. माझं दार मला पाहिजे." त्याच सुमारास तुमच्या मजल्यावरचा शेजारचा छोटा फ्लॅट विकायला निघाला. एक खोली, स्वयंपाकघर, लिफ्ट दारात. मालक ओळखीचा होता, पण फार दिवस थांबणार नव्हता. डोंबिवलीचं घर गेलं तरच ते जमणार होतं, आणि डोंबिवलीचं घर काही केल्या जात नव्हतं. म्हात्रे एजंट माणसं आणायचे. माणसं धापा टाकत वर यायची, दारातूनच आत बघायची, बाथरूम बघायची आणि उतरून जायची. शेवटी म्हात्रे तुला म्हणाले, "ताई, घर वाईट नाय. पन आत आला की मानसाला वाटतं दवाखान्यात आलो."

ते खरं होतं. पांढरी ट्यूबलाइट, मलमाचा वास, दिवाणाशेजारी स्टुलावर औषधं. माझं त्यावर म्हणणं एवढंच होतं की म्हाताऱ्या माणसाचं घर असंच असतं. तू ऑफिसात रजा टाकलीस आणि बॅग घेऊन डोंबिवलीला राहायला आलीस. येताना काय म्हणालीस, आठवतंय? "नीता, तू फक्त मध्ये येऊ नकोस."

मी मध्ये आले. रोज आले, आणि रोज काहीतरी गेलेलं असायचं. काचेचं शोकेस गेलं, त्यातले गुहागरच्या समुद्रावरचे शंख गेले, लोखंडी कपाट गेलं, माळ्यावरचा तांब्याचा बंब गेला. फेकलं नाहीस हे कबूल करते. अर्धं समोरच्या कदमकाकूंच्या गॅलरीत, अर्धं गच्चीवरच्या खोलीत. पण घरातून गेलं. पंखा पुसलास, फरशी घासलीस, फटींत पांढरं सिमेंट भरलंस, बाथरूमला नवी बादली आणि नवा मग आणलास. नर्सरीवाल्याला पटवून कुंड्या परत द्यायच्या बोलीवर आणल्यास. दिवाणावर तुझ्या घरची चादर आली, खिडकीला पांढरे सुती पडदे आले. सगळ्या ट्यूब काढून पिवळे दिवे लावलेस. नव्या वस्तू अशा फार आणल्याच नाहीस, होतं तेच हलवलंस. लोक यायच्या आधी गॅसवर गवती चहा आणि आलं उकळत ठेवायचीस, तो प्यायला नाही, वासाला.

मी म्हटलं, "हे नाटक आहे."

तू शिडीवरून खाली न बघताच म्हणालीस, "हो. मग?"

आईचा फोटो तू तिसऱ्या दिवशी काढलास. हार घातलेला, समोरच्या भिंतीवरचा. माझ्या देखत काढलास, आईच्याच जुन्या साडीत गुंडाळलास आणि दिवाणाच्या खणात ठेवलास. भिंतीवर फोटोच्या मागचा चौकोन तेवढा उजळ राहिला होता. तो दिसू नये म्हणून तू ती एक भिंत रंगवून घेतलीस. घरातली एकच भिंत रंगली. येणाऱ्याला वाटायचं, हल्लीची फॅशन.

"घर बघायला येणाऱ्याला या घरात कोण गेलं ते दिसता कामा नये," तू म्हणालीस. "म्हातारपण दिसता कामा नये. त्याला स्वतःचा संसार दिसला पाहिजे."

म्हणून तू बाबांनाही काढलंस. इस्त्रीचा शर्ट घालून कदमकाकूंच्या घरी टीव्हीसमोर बसवलंस. लोक येऊन गेले की परत आणायचीस. स्वतःच्या घरात कोणी परका माणूस फिरतोय आणि आपण समोरच्या घरात दार लोटून बसलोय, याचं त्यांना काय वाटत असेल, असं मी तुला विचारलं. तू म्हणालीस, "त्यांना विचारलंय मी. तू विचारलंस का?"

मग तो रविवार. एक नवराबायको आणि बायकोची आई, असे तिघं आले. त्या दिवशी बाबांचा गुडघा दुखत होता, ते कदमकाकूंकडे गेलेच नाहीत. खिडकीशी खुर्चीत बसून राहिले. तुझा चेहरा पडलेला मला दिसला आणि मला बरं वाटलं. म्हटलं, आता बघू.

मुलीने स्वयंपाकघर बघितलं, जावयाने नळ सोडून पाण्याचा जोर बघितला. त्या बाई मात्र बाबांच्या समोर दिवाणावर येऊन बसल्या, आई गेली त्याच जागी. मी पाण्याचा ट्रे घेऊन उभी होते.

"इथे कोण कोण राहतं?" त्यांनी विचारलं.

"सासरे असतात. आम्ही बाळकुमला."

"आणि सासूबाई?"

"त्या गावी असतात," तू म्हणालीस. "गुहागरकडे. आंबे आटपले की येतील."

इतकं सहज म्हणालीस की मलाच क्षणभर आई अंगणात आंब्याची साठं वाळत घालताना दिसली. त्यासाठीही मी तुझ्यावर चिडलेली आहे.

मी बाबांकडे बघितलं. वाटलं, आता ते उठतील, काठी आपटतील. आई गेल्यापासून त्यांनी तिच्याबद्दल एक वाक्य उच्चारलेलं नव्हतं. वर्षश्राद्धालाही नाही. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तिला इथला उकाडा सोसत नाही," ते त्या बाईंना म्हणाले. "पंखा लावला की म्हणते अंग दुखतं. बंद केला की म्हणते जीव जातो. आता करायचं काय माणसाने?"

बाई हसल्या. बाबा पुढे बोलत राहिले. ती कुळथाचं पिठलं कसं करते, भाजीवाल्याशी कशी भांडते, गावाहून येताना पिशवी एवढी भरते की रिक्षावाला कुरकुरतो. करते, भांडते, येते. सगळं चालू काळात. त्या बाईही मग आपल्या गावाबद्दल बोलायला लागल्या. तू मला खुणेने पाणी द्यायला सांगितलंस आणि मी दिलं. तुझ्या नाटकात मला तू तेवढं काम दिलंस आणि मी ते केलं, कारण दुसरं काय करणार होते?

ते तिघं खाली उतरल्यावर मी तुला काय काय बोलले ते तू कोणाला कधी सांगितलं नाहीस. मीच सांगते. मी म्हटलं, तुला लाज वाटायला पाहिजे. मी म्हटलं, मेलेल्या माणसालाही तू फर्निचरसारखं हलवतेस. तू गॅस बंद करत होतीस.

"त्या बाईंना काय फरक पडतो?" तू म्हणालीस. "आणि आईंना पडतो का?"

"मला पडतो."

"मग तुझ्यासाठी नाही विकत मी हे घर. बाबांसाठी विकतेय."

बाबा खुर्चीतून म्हणाले, "नीता, ओरडू नकोस. मला बरं वाटलं बोलून."

म्हणजे ते तुझ्या बाजूने झाले. माझ्या घरात, माझ्या आईबद्दलच्या भांडणात, माझे वडील सुनेच्या बाजूने.

त्या लोकांनी टोकन दिलं. मग व्हायचं तेच झालं. मापं घ्यायला आलेल्या मुलीच्या आईला जिन्यात कदमकाकू भेटल्या. काकूंच्या पोटात काही राहत नाही, आणि यात त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पुढच्या संध्याकाळी तिघं परत वर आले. जावई दारातच म्हणाला, "आम्हाला फसवलंत तुम्ही. सासूबाई गावी आहेत म्हणालात. त्या तर वारल्यात, याच खोलीत."

तू सुरू झालीस, "अहो, तसं नाही, बसा ना जरा, मी सांगते." मला वाटतं तुझ्याकडे दुसरं खोटं तयार असणार. पण बाबांनी हात वर केला. सुनेसमोर बाबांनी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही, तेव्हाही चढवला नाही.

"सुनेला बोलू नका," ते जावयाला म्हणाले. "पुढचं सगळं मी बोललो. माझी बायको याच खोलीत गेली. तुमच्या सासूबाई बसल्या होत्या तिथे."

मग त्या बाईंनी विचारलं, "त्रास झाला का त्यांना?"

"नाही. चहा मागितला. मी ठेवायला उठत होतो, तर म्हणाली, बसा जरा. बसलो. तेवढ्यात गेली."

हे मी पहिल्यांदा ऐकलं, वहिनी. एवढी वर्षं मी बाबांना विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. एका अनोळखी बाईसमोर, तुझ्या उसन्या कुंड्यांच्या मध्ये उभी राहून मी माझ्या आईचा शेवट ऐकला.

त्या बाई दिवाणाच्या कडेला टेकल्या. म्हणाल्या, "आमचे गेले ते आयसीयूत. मी काचेबाहेर. शेवटी हातसुद्धा लावता आला नाही." मग मुलीकडे बघून म्हणाल्या, "घर घ्या. काही नाही होत."

घर गेलं. बाळकुमचं शेजारचं दार मिळालं. बाबांना खुर्चीत बसवून चार माणसांनी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवलं.

आणि इथून आपलं खरं भांडण. मी म्हटलं, तुझ्या दिव्यांनी घर विकलं नाही, बाबांच्या खरेपणाने विकलं. आधीच खरं सांगितलं असतं तरी त्या बाईंनी घेतलं असतं. तू म्हणालीस, "खरं ऐकायला ती बाई वर तरी चढली असती का? ट्यूबलाइटखाली, मलमाच्या वासात बसून बाबांनी हेच सांगितलं असतं, तर तिने काय घर घेतलं असतं? ती दुसऱ्यांदा तीन मजले का चढली? घर मनात बसलं होतं म्हणून. ते कोणी बसवलं?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं. ती दुसऱ्यांदा घरासाठी चढली नव्हती, भांडायला चढली होती. जाब विचारायला माणूस कितीही मजले चढतो. हे मला तुला सांगायचं होतं, आणि तू त्यावर काय म्हणाली असतीस हे मला कळायला हवं होतं. आता ते होणार नाही.

पण एवढ्यावर मी अबोला धरला नसता. अबोला मी ठाण्याच्या त्या लग्नानंतर धरला. पंगत उठल्यावर तू मावशीच्या घोळक्यात बसून ही गोष्ट सांगितलीस. म्हात्र्यांचा आवाज काढलास, गवती चहा सांगितलास, आणि मग, "मी म्हटलं, सासूबाई गावी आहेत, आंबे आटपले की येतील." सगळे पोट धरून हसले. तिथेच थांबलीस. जिन्यातल्या कदमकाकू नाहीत, बाबांनी वर केलेला हात नाही, चहा नाही. बाबा दोन खुर्च्या पलीकडे पान लावत बसले होते. तू ती गोष्टही त्या घरासारखीच आवरलीस, वहिनी. नको ते समोरच्यांच्या गॅलरीत, आणि पुढे सगळं हसरं. तू गेलीस तरी याची मी तुला सूट देणार नाही.

त्यानंतर मी दर रविवारी यायचे ते थेट बाबांच्या दाराशी. तुझ्या दाराची बेल वाजवली नाही. बाबांचं वेगळं दार किती कामाचं आहे, हे मला तेव्हा कळलं. त्या दाराआड तू काय काय केलं होतंस तेही मला दिसायचं. संडासात धरायला दांडी, पलंगाची उंची वाढवायला खाली लाकडाचे ठोकळे, दारात सरकणार नाही असं पायपुसणं. बाबा रोज लिफ्टने खाली जायला लागले. तिथल्या म्हाताऱ्यांशी राजकारणावर भांडायला लागले. त्यांचं वजन वाढलं. आणि मी आले की थोड्या वेळाने दादा चहाचा कप घेऊन यायचा. बिनसाखरेचा, आलं जास्त, मला लागतो तसा. दादाला तसा चहा करता येत नाही. मी तो प्यायचे. कप विसळून बाबांच्या ओट्यावर ठेवायचे. त्या चहाबद्दल आज आभार मानते, पण चहाबद्दलच.

तू गेलीस त्या सकाळी बाबांनी मला फोन केला. "सुचेता उठत नाही," एवढंच म्हणाले. तू त्यांना नाश्ता द्यायला गेली होतीस, दारातच बसलीस, म्हणे. दादा ऑफिसच्या वाटेवरून परत फिरला. शहाडहून बाळकुमला मी पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. तुझं वय काय होतं गं? माझ्यापेक्षा वर्षाने लहान. हा शहाणपणा तुला कोणी सांगितला?

सगळं शांत झाल्यावर मी बाबांना म्हटलं, आता शहाडला चला माझ्याकडे. ते नाही म्हणाले. "माझं दार इथे आहे," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्हाला खरंच तिचा कधी राग आला नाही? आईला तिने खोटंखोटं जिवंत केलं, लोकांसमोर."

बाबा म्हणाले, "केलं ना. दहा मिनिटं केलं. दुसरं कोणी केलं?"

ते माझे वडील आहेत, त्यांना मी सोडून देईन. पण हे वाक्य त्यांच्या तोंडी तुझ्यामुळे आलं, म्हणून त्याचा राग तुझ्यावर.

दहावा शहाडला केला, उल्हास नदीच्या काठी. दादाला बाळकुमहून लांब पडत होतं, पण भटजी ओळखीचे तिथले होते. ऊन चढलेलं. पिंड ठेवले, सगळे मागे सरकले, आणि कावळा शिवेना. समोरच्या झाडावर तीन-चार बसलेले, पण खाली यायला तयार नाहीत. दादा म्हणाला, बाबांना मी सांभाळीन. बाबा खुर्चीवरून म्हणाले, गोळ्या वेळेवर घेईन. कावळे जागचे हलले नाहीत. मग मावशीने सगळ्यांसमोर माझ्याकडे बघितलं.

"नीता, तुझा आणि तिचा अबोला होता. माफ केलं म्हण. जीव अडकला असेल तिचा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादासुद्धा. दोन शब्द होते. म्हटले असते तर सगळे सावलीत गेले असते, भटजींना पुढचं काम होतं, बाबांना उन्हात बसवलेलं होतं. तू माझ्या जागी असतीस तर पटकन म्हणून मोकळी झाली असतीस, आणि वर म्हणाली असतीस, कोणाला काय फरक पडतो.

मी म्हटलं, "नाही केलेलं माफ. खोटं कशाला बोलू?"

मावशी काहीतरी पुटपुटली. दादाने मान खाली घातली. बाबा तेवढे माझ्याकडे बघत होते, आणि ते चिडलेले नव्हते. भटजींनी थोडा वेळ वाट बघितली, मग दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. माणसं उठली, कपडे झटकून गाड्यांकडे गेली. दादाने बाबांची खुर्ची उचलायला माणूस बोलावला.

मी पायरीवर बसून राहिले. तुझ्याशी बोलायचं अजून पुष्कळ होतं. जाब विचारायला माणूस कितीही मजले चढतो, तिथून सुरुवात केली. सगळं नीट, एकामागून एक मांडलं, आणि पहिल्यांदाच तू मला मध्ये तोडलं नाहीस. मला ते अजिबात आवडलं नाही.